चैत्रातलं पाणी

सर, आज नव्या शिक्षकांना भूगोलाचा एक पाठ घेऊन दाखवला. आता वर्गात भिंतीएवढा पडदा असतो. बोट लावलं की तापीचं अख्खं खोरं समोर येतं, आणखी बोट लावलं की धरणगावातल्या घरांची छपरं दिसतात. पाठ बाजूला राहिला आणि ते शिकलेसवरलेले शिक्षक आपापलं घर शोधत बसले. मला तुमची इतकी आठवण आली की चहा न घेताच निघाले. तुम्ही असता तर सगळ्यांच्या आधी खुर्ची ओढून पडद्याला नाक लावून बसला असता, आणि मग मागं वळून विचारलं असतं, "छान आहे, पण विहिरीत पाणी किती, ते यात कुठं दिसतं?"

लोकांना वाटतं, जुने शिक्षक कॉम्प्युटरला बिचकायचे. आपल्या शाळेत उलटं होतं, बिचकायची मी. नव्वदीच्या सुरुवातीला शाळेत तो एकुलता एक कॉम्प्युटर आला, तेव्हा मी तुमचीच विद्यार्थिनी, तुमच्याच हाताखाली नुकती शिकवायला लागलेली, आणि तुमच्या निवृत्तीला वर्षही उरलेलं नव्हतं. कॉम्प्युटरची खोली म्हणजे शाळेचं देवघर. चपला बाहेर, यंत्रावर फुलाफुलांचं शिवून घेतलेलं कापड, दसऱ्याला हार, आणि किल्ली गणिताच्या सरांच्या खिशात. गणिताला तास, विज्ञानाला तास, भूगोलाला काही नाही. "नकाशे भरायला कशाला हवाय कॉम्प्युटर?" असं म्हणून गणिताचे सर हसायचे. तुमचं म्हणणं एकच होतं. पुस्तकात आपल्या खानदेशाला चार ओळी, कापूस, केळी, तापी, की झालं. पोरांच्या गावात जे चाललंय तो खरा भूगोल, आणि तो मांडायला हे यंत्र हवं. संस्थेच्या अध्यक्षांकडे तुम्ही इतक्या खेपा घातल्या की ते कंटाळून म्हणाले, एक पाठ दाखवा, पटलं तर आठवड्याचा एक तास देतो. आणि तुम्ही मला न विचारता सांगून आलात, "पाठ आमच्या मॅडम घेतील." मुलांसमोर आणि मोठ्या लोकांसमोर मी मॅडम, एरवी पोरी.

मी किती भांडले तुमच्याशी! तुम्ही शांतपणे सुपारी कातरत होता. "पोरी, मी उन्हाळ्यात घरी बसणार. तास माझ्या नावानं मिळाला तर माझ्याबरोबर जाईल. तुझ्या नावानं मिळाला तर राहील." मी घाबरत घाबरत कामाला लागले. नववीतली निम्मी मुलं एस.टी.नं यायची. प्रत्येकानं आपल्या गावच्या विहिरीत दोरीला दगड बांधून सोडायचा आणि पाणी किती खोलावर लागतं ते मोजायचं, एकदा दिवाळीत आणि एकदा चैत्रात. ते आकडे मी कॉम्प्युटरमध्ये घालायचे आणि त्यानं उभ्या पट्ट्या काढून दाखवायच्या, एवढाच पाठ.

तो दिवस अजून समोर आहे. अध्यक्ष अनवाणी, पहिल्या खुर्चीत, टोपी मांडीवर. मुलं चैत्राचे आकडे सांगतायत आणि मी दोन बोटांनी टाइप करतेय. आठ. नऊ. अकरा. मग एक मुलगी उठून म्हणते, साठ. मी साठ घातले आणि कळ दाबली. सगळ्या गावांच्या पट्ट्या बोटाच्या पेराएवढ्या आणि तिच्या गावाची पार पडद्याच्या माथ्याला टेकलेली. "मॅडम, हे गाव आहे का पाताळ?" अध्यक्ष म्हणाले. गणिताच्या सरांना नेमका तेव्हाच खोकला आला. मला वाटलं, यंत्र बिघडलं. पडद्याकडे बघत उभी राहिले. तेवढ्यात तुम्ही, शाळेत कायम पुस्तकी मराठी बोलणारे, घरच्या बोलीत त्या मुलीला विचारता, "का वं माय, तुमना गावनी इहीर इतली खोल कशी शे?"

"खोल नई शे सर! मी फूटमा सांगं. या बठ्ठा परसमा सांगी ऱ्हायनात!"

मग काय, वर्गाचा बाजार झाला. तिचा आकडा फुटांत होता, बाकी सगळ्यांचे परसांत. हात वर करून उभ्या राहिलेल्या माणसाची उंची म्हणजे एक परस, हे सगळ्या पोरांना ठाऊक होतं. पण माणूस कोणता? "मना आजा उच्चा शे, त्याना परस मोठा!" असं एक जण बाकावर चढून ओरडत होता. तुम्ही सरळ अध्यक्षांपुढं गेलात. "आबा, जरा उभे राहा." आणि तो एवढा मोठा माणूस दोन्ही हात वर करून भिंतीला लागून उभा राहिला, दोन मुली स्टुलावर चढून टेप लावतायत आणि हे बजावतायत, "नीट मोजा! मना परस लहान लिखू नका!" हसून हसून मुरकुंडी वळली सगळ्यांची. मग त्यांच्याच परसानं सगळे आकडे फुटांत केले, दिवाळीचे आणि चैत्राचे, आणि पुन्हा कळ दाबली. आता पट्ट्या नीट आल्या. केळीच्या गावांत पाणी जास्त खाली गेलं होतं आणि सगळ्यांत जास्त खाली गेलं होतं अध्यक्षांच्या गावात. हसू थांबलं. अध्यक्षांनी उठून त्या पट्टीवर बोट ठेवलं. "केळी माझीच आहे तिथं," एवढंच म्हणाले, आणि जाता जाता हेडमास्तरांना सांगितलं, "भूगोलाला तास द्या."

स्टाफरूममध्ये सगळे माझं कौतुक करत होते आणि मी तुमच्या तोंडाकडे बघत होते. तुम्ही म्हणालात, "चूक झाली त्याचं काही नाही. पण तू यंत्राकडे काय बघत बसली होतीस? पोरं समोर बसली होती ना?" इतका राग आला मला! दोन दिवस बोलले नाही. तिसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर फडक्यात बांधलेली ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि ठेचा. भाकरी तुमच्या घरची, हे वासावरून कळलं. पण "छान झालं पोरी" हे काही तुमच्या तोंडून निघालं नाही. शाळेत असतानाही कधी निघालं नव्हतं. नकाशा बिनचूक भरला तरी तुम्ही म्हणायचात, पेन्सिल बोथट आहे. मीही हट्टीच, एकदा तरी वदवून घेणार असं ठरवून कामाला लागायचे.

तुम्ही निवृत्त झालात, तास राहिला. दर चैत्रात मुलं आकडे आणायची आणि तुमच्या गावच्या विहिरीचा आकडा तुम्ही स्वतः मोजून धाडायचात. मग एका चैत्रात तो आला नाही. तुम्ही धुळ्याच्या दवाखान्यात आहात, असं कळलं. मी आधी तुमच्या गावी जाऊन दगड सोडला आणि मग एस.टी.नं धुळ्याला आले. पारोळ्यापर्यंत मी एकच वाक्य घोकत होते, "दोन परस पाणी आहे, सर." खाटेभोवती सगळे तुम्हाला गोडगोड सांगत होते, रंग सुधारलाय, आठ दिवसांत घरी. तुम्ही त्यांच्यातून मला हेरलंत. "मोजलं?"

"दगड कोरडा वर आला, सर."

तुमच्या मुलीनं नंतर मला बाहेर गाठलं. म्हणाली, खरं सांगायचं आमच्यापैकी कुणाचं धाडस झालं नसतं. मी मान डोलावली. धाडस कसलं, सर? मला वाटलं होतं, हे ऐकून तुम्ही उठून बसाल. दगड कुठं सोडलास, दोरी पुरली का, नीट बघितलंस का, असं सगळ्या वॉर्डासमोर मला फाडून खाल. तेवढ्यासाठी मी खरं सांगितलं. तुम्ही डोळे मिटून हळूच म्हणालात, "तसंच मांड. छान मोजलंस, पोरी."

तेव्हाच मला कळलं की तुम्ही आता घरी येत नाही. त्या एका शब्दासाठी मी इतकी वर्षं झुरले, सर, आणि तो मिळाला तेव्हा मला तो नको होता.