शंभरात दोन आबा

पासली, ता. वेल्हे
६ ऑक्टोबर २०२५

चि. सौ. मंगल हिस आबाचे पोटभर आशीर्वाद.

पत्राला फार उशीर झाला, त्याची माफी आधीच मागून ठेवतो, कारण पुढं मी रागावणार आहे. फोनवर मी आवाज चढवला की तू फोन ठेवून देतेस, आणि इथं रेंजसाठी देवळामागच्या टेकाडावर चढावं लागतं. म्हणून हे पत्र गेनबाच्या टेम्पोतून धाडतोय. आता ठेव बघू फोन.

परवा वेल्ह्याच्या बाजारात जावईबापू भेटले. म्हैस बघायला आले होते. चहा पिता पिता सहज म्हणाले, की मंगलच्या रक्ताचा नवा रिपोर्ट आलाय. अगं, तुला दिलेली किडनी माझी आणि रिपोर्ट मला कळतो बाजारात? दोन वर्षांपूर्वी कुशीला चीर मी घेतली का त्या म्हशीनं?

ते म्हणाले, की तुझ्या रक्तात माझ्या किडनीचा अंश किती आहे ते मोजतात. आधी शंभरात अर्धा भाग होता, आता दोन झालाय आणि डॉक्टरांनी लगेच बोलावलंय. मी जागीच उडालो. चौपट! जावयांना तिथंच सांगितलं, की लावणी लागू झाली, रोपानं जीव धरला. आता पुण्याला कशाला पळता? तुझ्या सासूबाई ऑपरेशनच्या वेळी माझ्या तोंडावर म्हणाल्या होत्या, की म्हाताऱ्याचं जुनं सामान किती दिवस चालणार. त्यांना हा आकडा मोठ्यानं वाचून दाखव.

मेंगाईला नारळ फोडला, वाडीभर गूळ वाटला. तुझी आई म्हणत होती, की आधी पोरीला विचारा. तिला म्हटलं, तुला काय कळतंय त्यातलं.

गोळ्या चुकवू नकोस. पाणी उकळून पी. धरणावरचं वारं लागेल अशा जागी बसू नकोस. मला इथं झोप लागत नाही, आणि तुला दोन ओळी लिहायला होत नाहीत.

रिपोर्टासारखा लोभही वाढता ठेव.

तुझा आबा,
रखमाजी

भाटघर, ता. भोर
१० ऑक्टोबर २०२५

ती. आबांच्या पायांशी मंगलचा नमस्कार, वि. वि.

तुमचं पत्र पोचलं, आणि तुमच्या गुळाची बातमी त्याच्या आधी पोचली. आबा, तुम्ही माझ्या दुखण्याचा गूळ वाटलात. रागात लिहिलेले दोन कागद फाडून टाकले, म्हणून उत्तराला वेळ लागला.

तो आकडा वाढणं वाईट असतं. दवाखान्यातल्या शेफाली सिस्टरनी मला नीट समजावून सांगितलंय. माझं अंग तुमच्या किडनीला अजून परकीच मानतं. गोळ्या अंगाला गप्प बसवतात. त्या कमी पडल्या की अंग किडनीला कुरतडायला लागतं आणि तिचा चुरा रक्तात उतरतो. मोजतात तो हा चुरा. मागच्या वर्षी ओटीपोटात सुई घालून किडनीचा तुकडा काढला होता, तेव्हा मला लघवीतून रक्त गेलं आणि तुम्ही वॉर्डाबाहेर सगळ्यांवर ओरडत होता, आठवतं ना? आता नुसत्या रक्तावरून आधीच सुगावा लागतो, बाकीचे रिपोर्ट चांगले असतानासुद्धा. म्हणून तर कुणाला खरं वाटत नाही. मी जेवते, चालते, गोठा आवरते, मग मला काय झालंय, असं विचारतात.

तुम्हाला कळेल असं सांगते. लावणीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी खाचरावर जाऊन तुम्ही काय बघता? पाण्यावर रोपं किती तरंगतात ते. ज्यांनी मूळ धरलं नाही ती सुटून वर येतात. माझ्या रक्तात तुम्ही तरंगताय, आबा.

ह्यांनी पुण्याला जायला गाडी सांगून ठेवली होती. बाजारातून आले आणि गाडी नको म्हणाले. का, तर किडनी आबांची, त्यांना नाही कळणार तर कुणाला कळणार! सासूबाई म्हणाल्या, इतकं चांगलं आहे तर दिवाळी आणि कापणी उरकू दे. एकटी जाते म्हटलं तर विचारतात, की भरती करताना सही कोण करणार. जास्त बोलले की म्हणतात, बापापेक्षा शहाणी झालीस का. सिस्टरचा रोज फोन येतो. औषध वेळेत वाढवलं नाही तर ही किडनी हातची जाईल, असं त्या म्हणाल्या.

तुमच्या शब्दानं गाडी थांबलीय, ती तुमच्याच शब्दानं हलेल. मला समजावत बसू नका, ह्यांना लिहा. गेनबाचा टेम्पो आज परत निघालाय, हे पत्र त्याच्याच हाती देते. आईला नमस्कार. तिचं ऐकत जा.

लोभ आहे म्हणूनच एवढी चिडलेय.

तुमची,
मंगल

पासली
११ ऑक्टोबर २०२५

जावईबापू हनुमंतराव यांस रखमाजीचा रामराम.

पत्र पुढं वाचायच्या आधी गाडी सांगा. मग बसून वाचा.

बाजारात मी तुम्हाला जे सांगितलं ते शुद्ध मूर्खपणाचं होतं. माझा जन्म खाचरात गेला. तरंगतं रोप बघून हरखणारा माणूस मी आजवर पाहिला नव्हता, तो काल आरशात पाहिला. पण माझं जाऊ द्या, तुम्हाला काय झालं होतं? डॉक्टर बोलावतात, सिस्टर फोन करते, बायको जीव तोडून सांगते, आणि तुम्ही ऐकता कुणाचं? चहाच्या टपरीवर बरळणाऱ्या म्हाताऱ्याचं? किडनी माझी म्हणून मला कळतं, असं तुम्ही म्हणालात. अहो, ती काढली तेव्हा मी बेशुद्ध होतो!

विहीणबाईंना सांगा, जुनं सामान म्हणालात ते खरं आहे. पण दुसरं सामान माझ्याकडं नाही. एक उरलंय, त्यावर मी उभा आहे. पोरीसाठी तेही काढून दिलं असतं, पण डॉक्टर घेणार नाहीत. तेव्हा दिलंय तेवढ्यात तिला जगवायचंय. भात आडवं झालं तर होऊ दे. दिवाळी पुढच्या वर्षीही येते.

सहीची सबब सांगू नका. हे पत्र गेनबा आज तुमच्या हातात देईल. उद्या पहिल्या एसटीनं मी परस्पर पुण्याला जाऊन दवाखान्याच्या दारात उभा राहतो. सही मी करतो. तुम्ही मंगलला घेऊन या. दुपारपर्यंत दिसला नाहीत तर तसाच भाटघरला येईन, आणि मग माझा आवाज धरणाच्या पलीकडं ऐकू जाईल.

ज्या घरांत गूळ वाटला त्या घरांत काल पुन्हा फिरलो आणि चूक सांगून आलो. कुणी हसलं नाही. त्याचाही राग आला.

औषध वाढवल्यावर रक्त परत तपासतात म्हणे, आणि रिपोर्टाला दिवस लागतात. तोवर मी रोज टेकाडावर फोन धरून बसेन. त्या रक्तात मी सापडता कामा नये, हनुमंतराव. पोरीच्या अंगात मी एका जागी मुकाट बसलेला पाहिजे, जे मला बाहेर कधी जमलं नाही. आकडा उतरला की मंगललाच फोन करायला सांगा. लोभ नंतर बघू. आधी कळवा, लवकर कळवा.

आपला,
रखमाजी