हॅलो, मी काका

नेरुळ (शिरवणे गावाच्या अंगाला),
रविवार, दुसऱ्या चहानंतर

चि. जाई,

अनेक आशीर्वाद. पत्र कोणाचं आहे ते अक्षरावरून ओळखशीलच. खाली सही कोणत्या नावाने करावी याचा माझा अजून निर्णय झालेला नाही, तेव्हा ती जागा तूर्त रिकामी ठेवून लिहायला बसलो आहे. तुझी तब्येत बरी असेल, जेवण वेळेवर होत असेल आणि तुझ्या घरमालकीण पिलारबाईंचे गुडघे (तूच मागे म्हणाली होतीस की त्यांना जिना चढवत नाही) ठीक असतील. त्यांना माझा नमस्कार सांग. सांगताना माझं नाव घेऊ नकोस, ‘भारतातले एक गृहस्थ’ एवढंच म्हण. इकडे आम्ही दोघं खुशाल. तुझ्या काकूची शुगर आटोक्यात आहे, राग नाही. माझा राग गेला आहे, पण शुगर वाढली आहे. डॉक्टर म्हणतात गोड बंद करा. गोड तर साठीच्या त्या केकनंतर मी तोंडात घातलेलं नाही, आणि का घातलेलं नाही ते पुढे येईलच.

तू गेलीस तेव्हापासून मी इथे तुझा वकील झालो होतो. मुलगी कॉम्प्युटर शिकायला गेली म्हटलं की लोक मान डोलावतात आणि पुढे जातात, पण स्पेनमध्ये जाऊन स्पॅनिश शिकते आहे म्हटलं की थांबतात. शिरवण्याच्या बाजारात भागीरथी मावशीने मासे मोजता मोजता मला विचारलं, “तिथली बारकी पोरां पन तीच भाषा बोलतान ना? मंग ती शिकाला इतक्या लांब कनाला गेली?” मी तिला भाषांतर म्हणजे काय, विद्यापीठ किती शतकं जुनं आहे, हे सगळं समजावून सांगितलं आणि तेवढ्या वेळात तिने माझ्या पिशवीत कालचे बोंबील भरले. तुझ्या गावाच्या नावाचीही एक अडचणच. मागे नंदकिशोर (तुझ्या काकूचा भाऊ, नाकावर माशी बसू न देणारा) जेवायला आला होता. पोरगी असते कुठे, असं त्याने विचारलं आणि मी घास गिळता गिळता ‘साला...’ एवढं म्हणून थांबलो. पुढचं ‘मांका’ घशाखाली गेलं. तो ताटावरून उठलाच होता. तेव्हापासून तुझी काकू पाहुण्यांसमोर ‘माद्रिदच्या जवळ’ असं म्हणते.

तरी मला त्या गावाचा अभिमान होता. विद्यापीठाच्या दर्शनी भिंतीवर दगडात एक बेडूक कोरलेला आहे, तो ज्याला सापडतो तो पास होतो, म्हणून तू फोटो पाठवला होतास. भिंग लावून माझा दीड दिवस गेला. कवट्या सापडल्या, राजे सापडले, कबुतर सापडलं (ते बहुधा खरं होतं). बेडूक नाही. तू हसलीस आणि म्हणालीस, काका, तुमची परीक्षा नाहीये. त्या हसण्यासाठी मी आणखी दीड दिवस शोधलं असतं.

आता फोनांकडे येतो. तुला माझी सवय ठाऊक आहे. तू अकरावीला आमच्याकडे राहायला आलीस तेव्हापासून, आणि खरं तर कंपनीच्या स्टोअरमध्ये इंटरकॉम आला तेव्हापासून, मी फोन लागला की आधी आपण कोण ते सांगतो, तेही पलीकडचा माणूस मशीनजवळ उभा आहे असं समजून. त्यामुळे तू तिकडे गेल्यावर रोज संध्याकाळी (तुमची दुपार, पिलारबाईंची जेवणाची वेळ) मी ओरडायचो, “हॅलो! मी काका! मी काका!” पहिल्या आठवड्यात तू फोन टेबलावर ठेवून सगळ्यांसमोर बोलायचीस आणि मागे हशा ऐकू यायचा. मला वाटायचं, किती हसरी माणसं आहेत. मग तू कानात यंत्र घालून बोलायला लागलीस. मग उठून बाहेर रस्त्यावर जाऊन बोलायला लागलीस. मी काकूला म्हटलं, पोरगी काहीतरी लपवते आहे. मनात एकदोन नको ते संशयही येऊन गेले, ते इथे लिहीत नाही. पाच शब्दांत तू मला खरं सांगू शकली असतीस. का नाही सांगितलंस ते आता कळतंय, आणि कळल्यावर जास्त वाईट वाटतं.

माझ्या साठीचा कार्यक्रम तर तू पाहिलाच आहेस, पण तिकडून. इकडून तो कसा होता ते ऐक. सेक्रेटरी रावसाहेबांनी सोसायटीचा हॉल दिला होता, पडदा लावला होता आणि माझा फोन त्या पडद्याला जोडला होता. तू आदल्या दिवशी तीनदा म्हणालीस, काका, नको ना, आपण दोघंच नंतर बोलू. मी ऐकलं नाही. मला सोसायटीला दाखवायचं होतं की स्पेनमधल्या माणसांनाही आमचा वाढदिवस माहीत आहे. पिलारबाईंना बसव, वर्गातल्या मुलामुलींना बोलाव, मागे खिडकीतलं ते चर्च दिसू दे, असं मीच बजावलं होतं. केक चॉकलेटचा होता. केकवाल्याला मराठी अक्षरं जमत नाहीत म्हणून रावसाहेबांनी त्यावर इंग्रजीत माझी पदवी लिहून घेतली होती, चार मोठी अक्षरं आणि खाली साठ. तुम्ही पडद्यावर आलात आणि सगळा हॉल टाळ्या वाजवत ‘काका! काका! काका!’ म्हणायला लागला. पोरं नाचायला लागली. रावसाहेबांनी तो केक कॅमेऱ्यासमोर नेऊन तुम्हाला नीट वाचून दाखवला. मग तुझ्या काकूने त्यातलं पहिलं अक्षर कापून माझ्या तोंडात कोंबलं आणि मी (देवा!) दोन्ही डोळे मिटून, बोटं चाटून, फार छान आहे असं खुणेने सांगितलं.

पिलारबाई खुर्चीवरून खाली सरकल्या. एक दाढीवाला मुलगा चित्रातून बाहेरच गेला. मला वाटलं, आनंदाने वेडे झालेत सगळे. तू मात्र हसत नव्हतीस. लाल झाली होतीस. आता माझी जाई काका म्हणून हाक मारणार आणि हॉल दणाणणार म्हणून मी तोंड पुसून उभा राहिलो, आणि तू टीव्हीवरच्या बातमीदारासारखी म्हणालीस, “चंद्रशेखरजी, तुम्हाला साठीच्या हार्दिक शुभेच्छा.”

चंद्रशेखरजी! मला आजवर बँकेनेसुद्धा जी लावलेला नाही. रावसाहेबांनी उगाच माईक तपासला. माझ्या कानशिलात कोणी वाजवावी तसं झालं आणि मी तोच माईक ओढून जे बोललो ते तू ऐकलंस. काका म्हणायची लाज वाटत असेल तर यापुढे मला फोन करू नकोस. सगळ्या सोसायटीसमोर बोललो, तुझ्या सगळ्या मित्रांसमोर बोललो. एवढं एकच बरं, की त्यांना मराठी कळत नाही.

त्यानंतर तुझा फोन आला नाही. तू काकूच्या फोनवर बोलायचीस आणि ती बाल्कनीत जाऊन दार ओढून घ्यायची. मी पेपर धरून बसायचो. पेपर उलटा आहे हे तिने एकदा काचेतून दाखवलं. शेवटी मी ठरवलं की पिलारबाईंनाच त्यांच्या भाषेत चार शब्द सुनवायचे, की बाई, दुसऱ्याच्या साठीला असं हसू नये, आणि त्यासाठी वाशीला स्पॅनिशच्या वर्गात नाव घातलं. (काकूला सांगितलं योगासनं. सतरंजी घेऊन जावं लागायचं.) शिकवायला दीक्षा मॅडम, ऐरोलीच्या, तुझ्यापेक्षा दोनचार वर्षांनी मोठ्या असतील. भाषा मला पहिल्याच तासाला आवडली. ‘मी आहे’ याला ते लोक ‘सोय’ म्हणतात. मी आहे म्हणजेच सोय! आयुष्यभर या घरात मी हेच सांगत आलो, पण इथे त्याला गैरसोय समजतात. ‘तू’ला ‘तू’च म्हणतात. मला वाटलं, ही भाषा आपलीच, फक्त बोटीतून लांब गेलेली.

दुसऱ्या तासाला नातीगोती आली. मॅडमनी फळ्यावर लिहिलं, ‘मी’ म्हणजे माझा, माझी, माझं. मग काकाला ‘तिओ’ म्हणतात असं लिहिलं. मी हात वर केला. म्हटलं मॅडम, तिओ वगैरे पुस्तकात ठीक आहे, पण मला जग काका म्हणतं, तुम्हीही काकाच म्हणा. आणि उभा राहून, छाती काढून, नुकतंच शिकलेलं वाक्य म्हटलं, “सोय काका!” मॅडमच्या हातातलं मार्कर पडलं. वर्ग नवा होता, त्याला काही कळलं नाही, पण मॅडम फळ्याकडे तोंड करून बराच वेळ उभ्या राहिल्या आणि त्यांचे खांदे हलत होते. तास संपल्यावर मला पाण्याच्या कूलरजवळ बाजूला घेतलं. म्हणाल्या, “सर, प्लीज राग मानू नका हां. तिकडे बाळाच्या शीला काका म्हणतात. म्हणजे... तेच. शी.”

मी सतरंजी घेऊन जिन्याच्या पायरीवर बसलो. आधी ‘सोय काका’ कळलं. मग ‘मी काका’ कळलं, म्हणजे पहिला आठवडाभर भर जेवणाच्या वेळी पिलारबाईंच्या टेबलावर मी काय ओरडत होतो ते. मग कानातलं यंत्र आणि रस्त्यावर जाऊन बोलणं कळलं. मग केक आठवला, त्याचा रंग आठवला, मी चाटलेली बोटं आठवली आणि मला हसू आलं. इतकं आलं की खाली वॉचमनने विचारलं, काका, बरं वाटत नाही का? (त्यानेही काकाच म्हटलं.) आणि सगळ्यात शेवटी ते ‘चंद्रशेखरजी’ कळलं. एवढ्या गोंधळात एकट्या तुला माझी अब्रू दिसत होती. आणखी एकदा तो शब्द त्या खोलीत उच्चारला जाऊ नये म्हणून घाईत जे सुचलं ते तू बोललीस, आणि त्याबद्दल मी तुला भर सभेत घराबाहेर काढलं. मग मला रडू आलं. साठ वर्षांच्या माणसाने वाशीला जिन्यावर रडू नये, पण रडलो.

जाई, माझं चुकलं. हे मी काकूसमोर अजून म्हटलेलं नाही, तुला आधी सांगतो आहे. आम्हाला स्वतःचं मूल नाही याची मला कधी खंत वाटली नाही, कारण तू होतीस. दादाची मुलगी असून तू आमच्या घरात वाढलीस आणि मला जी हाक मारायचीस ती मला बापापेक्षा मोठी वाटायची. ती एकदा चुकली तर मी एवढा भडकलो, यावरून तिची किंमत तू समजून घे. आता ती हाक मार किंवा मारू नकोस. चंद्रशेखर म्हण, तिओ म्हण, नुसतं ‘अहो’ म्हण. मी ओ देईन.

अभ्यास सांभाळून प्रकृतीला जप, म्हणजे आम्हाला इथे झोप लागेल.

तुझा,
काका
(शेवटी हेच लिहिलं. पोस्टमनला स्पॅनिश येत नाही.)

ता. क. – कुळथाचं पीठ वेगळ्या पार्सलने पाठवत आहे. पिलारबाईंना पिठलं करून घाल. पण त्याचा रंग लक्षात घेता, मी पाठवलं आहे हे त्यांना जेवणानंतर सांग.

ता. क. दुसरी – खरं म्हणजे पत्र यासाठीच लिहायला घेतलं. तुला पदवी मिळेल तेव्हा घरची दोन माणसं आणता येतात, आईबाबांना एवढा प्रवास झेपणार नाही, तर तुम्ही दोघं या, असं तू साठीच्या आधी म्हणाली होतीस. तेव्हा मी ‘बघू’ म्हटलं होतं. ते मोठेपणासाठी. बघू म्हणजे हो. पासपोर्ट काढून ठेवला आहे. त्या जागा अजून आमच्या आहेत का? मी मागे बसेन, तोंड उघडणार नाही. दुसऱ्या कोणाला दिल्या असशील तर तसं कळव, पण काकूमार्फत कळव, म्हणजे ती जरा हळूच सांगेल.

ता. क. शेवटची – चिकटवलेलं पाकीट फोडून हे लिहितो आहे. वर पत्ता लिहायला पाकीट काकूकडे दिलं, तर ती म्हणाली, एवढी पानं भरण्यापेक्षा पोरीचा ब्लॉक का नाही काढत? मी म्हटलं, कसला ब्लॉक? ती माझ्याकडे बघत खाली बसली. जाई, त्या दिवशी तुझं चित्र पडद्यावरून जाईना म्हणून मी रागाने फोनवर जे दिसेल ते दाबत सुटलो होतो, त्यात तेही दाबलं गेलं. मला शपथेवर माहीत नव्हतं. नंतर तुझं नाव उघडून बघायचा धीर केला असता तर तिथेच लिहिलेलं दिसलं असतं, पण मी तू फोन करण्याची वाट बघत बसलो. काकूला आणि दादाला वाटलं, मी मुद्दाम केलं. म्हणून दोघंही मला ‘तुमचं तुम्ही निस्तरा’ म्हणत राहिले. आता ब्लॉक निघाला आहे, काकूने स्वतः बघून खात्री केली. तुमची दुपार झाली की मी फोन लावतो. हे पत्रही टाकतो, कारण यातलं निम्मं मला तोंडाने बोलता येणार नाही. एवढ्या दिवसांत तू मला किती वेळा फोन लावून पाहिलास ते काकूला माहीत आहे. ती सांगायला लागली, तर मी उठून बाल्कनीत गेलो आणि दार ओढून घेतलं.