उलटी बसलेली केबल

सर, तुर्भ्याचा आपला गाळा आता एका कुरिअरवाल्याकडे आहे. गेल्या आठवड्यात त्या रस्त्याने गेले, थांबले नाही.

मराठीत एम.ए. करून नोकरी मिळेना म्हणून मी तुमच्याकडे आले. तेव्हा लोक जुन्या, मोठ्या फ्लॉप्या घेऊन येत. कॉम्प्युटरला जुना ड्राइव्ह जोडून आतला मजकूर छोट्या फ्लॉपीवर उतरवून देणं हे आपलं काम. तुम्ही म्हणायचात, "प्राध्यापकबाई, केबलची लाल कडा एक नंबरच्या पिनकडे. केबल उलटी बसली तर ड्राइव्हचा दिवा विझत नाही, आणि घातलेली फ्लॉपी पुसली जाते. तुमच्या व्याकरणासारखं नाही हे, इथे दुरुस्ती नसते." म्हणून तुमचा नियम: केबलला हात लागला की आधी एक टाकाऊ फ्लॉपी घालून बघायची. तिला आपण बकरा म्हणायचो.

ऐरोली गावातले ते निवृत्त मास्तर तुम्हाला आठवत असतील. मिठागरातले शब्द त्यांनी म्हाताऱ्यांना विचारून विचारून गोळा केले होते. "येकच फ्लॉपी हाय सर, जपून." सकाळी तुम्ही ड्राइव्ह जोडला, बकरा घालून पाहिला आणि जेवायला गेलात. मला ड्राइव्हच्या हेडवर धूळ दिसली. केबल काढली, हेड स्पिरिटने पुसलं, केबल परत लावली, मशीन चालू केलं. बकरा हाताशी होता. सरांनी तपासलंय, असं मनाशी म्हटलं.

तुम्ही हात पुसत येता. "चला मास्तर, पाच मिनिटांचं काम." फ्लॉपी आत जाते. दिवा लागलेलाच आहे, विझत नाही. तुम्ही मशीन बंद करता, झाकण काढता, चष्मा कपाळावर सरकवून वाकता. लाल कडा भलत्या बाजूला. मी स्पिरिटची बाटली धरून उभी आहे. तुम्ही हळूच विचारता, "मी बकरा घातला होता ना गं?"

"लक्षात नाही, सर," मी म्हणाले.

मास्तर चिडले नाहीत. फ्लॉपीतलं काही वाचता येत नाही हे कळल्यावर म्हणाले, "परत लिवलं असतं. पन सांगनारी मानसं र्‍हायली नायत." तुम्ही म्हणालात, "चूक माझी. डोळेही गेले आणि डोकंही." दुसऱ्या दिवसापासून तुम्ही बिलांच्या टेबलाशी बसलात. पेचकस हातात धरला नाहीत. पुढे काकू एकदा म्हणाल्या, "घरातला फ्यूजसुद्धा घालत नाहीत गं. म्हणतात, मला भरवसा नाही." मी चहा पीत होते. तो पूर्ण प्यायले.

तुम्ही त्यानंतर तीन वर्षं होतात. रोज समोर होतात. सांगायला दोन वाक्यं पुरली असती. मी वाट पाहत राहिले. कशाची, ते आजही नीट सांगता येत नाही.

काकू अजून नेरूळलाच असतात. हे त्यांना वाचून दाखवता येईल. दाखवणार नाही. भीती वाटली म्हणून गप्प बसले, असं इतकी वर्षं स्वतःला सांगत आले. ते अर्धंच खरं आहे. दुसऱ्या दिवशी तुमच्या जागेवर बसले, पहिलं मशीन उघडलं, तेव्हा मला बरं वाटलं होतं.