इस्लापूरची कॅसेट

मी, वैजनाथ ग्यानोबा नरवटे, वय बहात्तर, पूर्वीचा धंदा लग्नाचे शूटिंग, राहणार अहमदपूर, जिल्हा लातूर, हे मृत्युपत्र स्वखुशीने व पूर्ण शुद्धीत लिहून ठेवतो. डोके ठिकाणावर आहे. छाती नाही, म्हणून डॉक्टरांनी प्रवास आणि ओझे उचलणे बंद केले आहे. पत्नी सुभद्राबाई तीन वर्षांपूर्वी वारली. मुलगा बजरंग लातूरला नोकरीस, मुलगी तनुजा नायगावला शिक्षिका. माझे वारस हे दोघेच.

१. राहते घर व बँकेत असेल ते दोघांनी निम्मे-निम्मे घ्यावे. भांडायचेच असेल तर निदान माझे वर्षश्राद्ध होऊ द्यावे.

२. बजरंगने मी घरी नसताना नऊ कॅसेट भंगारवाल्याला दिल्या. विचारले तर म्हणाला, "पप्पा, आता कोण बघून राहिलंय ते?" मी बघत होतो. माझा राग गेलेला नाही, पण त्यापायी त्याचा हिस्सा कमी केलेला नाही, याची त्याने नोंद घ्यावी. शूटिंगचे सामान मात्र त्याच्याकडे जाऊ नये.

३. व्हीसीआर, कॉम्प्युटर, दोन्ही जोडणारी डबी आणि उरलेल्या एकतीस कॅसेट तनुजाला. व्हीसीआर नांदेडला मोठ्या मिनतवारीने मिळाला, जपावा. तीन तासांची कॅसेट कॉम्प्युटरमध्ये उतरवायला तीन तासच लागतात. हे मला गल्लीतल्या कॉम्प्युटरवाल्या महांतेशने शिकवले. सुभद्राचा आवाज पुन्हा ऐकायचा, एवढ्यासाठी मी या वयात त्या नादाला लागलो.

४. अकरा कॅसेटमध्ये ती आहे. हसते, बोलते, कोणावर तरी रागावते, आणि वर सिनेमाची गाणी वाजतात. ती गाणी मीच टाकली. तेव्हा मिक्सिंग म्हणजे तेच, गाण्याशिवाय कॅसेट लोक हातात धरत नसत. गाणे काढून खालचा आवाज वर आणता येईल का, असे महांतेशला विचारले. तो बराच वेळ माउस हलवत राहिला. मग म्हणाला, "काका, खाली काहीच न्हाई. तुम्ही आवाज पुसूनच गाणं टाकलंय." माझ्याच हातचे काम, बोलणार कोणाला?

या घराच्या वास्तुशांतीला, जेवणे आटोपल्यावर अगदी शेवटी, बायकांनी सुभद्राला उंबऱ्यात अडवून नाव घ्यायला लावले. जन्मभर तिने मला "आवं" म्हणूनच हाक मारली. कॅमेऱ्यासमोर नाव घेतले ते त्या एकदाच, आणि मी त्यावर गाणे टाकले. कॅसेट बघून ती म्हणाली, "आवं, म्या नाव घेतल्यालं कुठं गेलं?" मी म्हणालो, "गाणं लई चांगलं वाटून राहिलंय की." ती आत गेली. उखाण्याचे शब्द मला आज आठवत नाहीत. शेवटी माझे नाव होते, इतकेच आठवते.

५. आता ज्यासाठी हे मृत्युपत्र लिहायला बसलो ते. वास्तुशांतीची मूळ, बिनगाण्याची कॅसेट मी पुढच्याच महिन्यात पुन्हा कॅमेऱ्यात घातली आणि तिच्यावर इस्लापूरच्या साखराबाईंच्या मुलाचे, माउलीचे, लग्न शूट केले. आम्ही सगळे शूटिंगवाले असेच करत असू. त्यांना मिक्सिंग परवडत नव्हते, म्हणून कॅमेऱ्यातली कॅसेट तशीच दिली. लग्न लवकर उरकले होते, तेव्हा कॅसेटच्या शेवटी आमचा उंबरा राहिला असणार.

गेल्या दिवाळीनंतर इस्लापूरला गेलो. माउली लग्नानंतर चौथ्या वर्षी मोटारीचा शॉक लागून गेला, हे तिथे कळले. साखराबाईंनी ट्रंकेतून कॅसेट काढली, खणात गुंडाळलेली. उतरवून देतो, घेऊन जाऊ का, म्हटले.

"न्हाई भाऊ. माझं लेकरू हाय त्यात. घराभायेर न्हाई जाऊ द्यायची."

झाकण उचलून पाहिले तर फितीवर पांढरी बुरशी. अशा फितीने मशीनचे हेड भरते. जे आधी चालवाल ते हाती लागेल, नंतरच्याचा भरवसा नाही. आणि फीत थांबलेली होती नेमकी लग्नाच्या शेवटी. प्ले दाबले की आधी सुभद्राच आली असती. मी बाईंना यातले काही सांगितले नाही, धीर झाला नाही. मशीन घेऊन येतो म्हणालो, आणि महिन्याभरात अंथरुणाला खिळलो.

६. तनुजाने मशीन घेऊन इस्लापूरला जावे. कॅसेट बाईंच्या घराबाहेर नेऊ नये. फीत हाताने, सावकाश, पार सुरुवातीपर्यंत मागे घ्यावी आणि आधी माउलीचे लग्न उतरवावे. त्याचे बोलणे त्यात जसेच्या तसे आहे. त्यावर गाणे टाकू नये. मध्येच फीत तुटली तर लग्नाच्या पुढे फितीवर काय होते ते साखराबाईंना कळू देऊ नये. तुटू नये असे मला फार वाटते. यापलीकडे माझ्या हातात काही उरलेले नाही.

७. आमचा तुकडा निघालाच, तर माझ्या दहाव्या-तेराव्याची वाट न बघता या घराच्या उंबऱ्यात एकदा लावावा. आवाज मोठा ठेवावा.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, वाचून पाहिला आणि साक्षीदारांसमोर सही केली.

साक्षीदार:
१. महांतेश शिवलिंग बिरादार, अहमदपूर
२. हरिओम दिगंबर सांगवे, अहमदपूर

ठिकाण: अहमदपूर
दिनांक: १२ फेब्रुवारी २०२६

सही: वैजनाथ