कमरेएवढ्या पाण्यात

पुणे,
बुधवार, १७ नोव्हेंबर १९९९,
दुपारचे ३ वाजून २० मिनिटे

ती. सहदेवदादास,
जानूचा नमस्कार. वहिनीला आत्ताच डाव्या कुशीवर वळवले. दर दोन तासांनी वळवायचे असते, वेळ मी वहीत लिहितो. तुझ्या पलटणीत थंडी वाढली असेल. गावी, कापड्याला भात झोडून झाले. म्हैस व्याली, रेडी झाली. आई इथे माझ्याबरोबर आहे.

पुणे वाचून दचकू नकोस. दसऱ्यानंतर वहिनीला चार दिवस ताप आला आणि गेला. मग भात कापताना म्हणायची, मान वाकवली की पाठीतून करंट जातो. पुढे पाय जड झाले, लघवी अडली. एका सकाळी उठताच येईना.
"भावोजी, मी सावित्रीत कमरेएवढ्या पाण्यात उभी हाय," म्हणाली. "पाण्याखालचं काय माझं नाय."

डॉक्टरांनी एमआरआयची फिल्म उजेडावर लावली. मणके नीट, एकावर एक. आतल्या मज्जारज्जूत मात्र चार मणक्यांएवढा पांढरा पट्टा. आंबेनळीच्या दरीत पहाटे धुके उतरते, अगदी तसा. गाठ नाही, काही दबलेले नाही, मज्जारज्जूलाच सूज आहे, म्हणाले. पाच दिवस सलाइनमधून औषध. काही जण चालतात, काही काठीने, काही नाहीच. मी धुक्याकडे पाहत राहिलो. ऊन कुठून येईल, तेच शोधत होतो.

काल तिचा अंगठा हलला असे मला वाटले. आईला वाटले नाही.

वहिनी म्हणते, "ह्यांना डागाचं लिवू नका." पण लिहितो. इथे आणण्याआधी, घरीच, पायांत जीव नाही म्हणून आईने डाग द्यायचे ठरवले, लंगड्या बैलाला देतो तसा. विळा मी तापवला. पोटरीवर मीच टेकवला. कातडी करपल्याचा वास आला. वहिनी छताकडे बघत होती.
"लावा की भावोजी, किती येळ थांबताय?"

तरीही तिला दवाखान्यात न्यायला हवे, हे मला कळले नाही. डागाची खपली पडेपर्यंत थांबायचे असते, म्हणून थांबलो.

रजा मिळाली तर ये. ती विचारत नाही, पण कुठल्याही कुशीवर वळवले तरी मान दाराकडे करूनच निजते.

खर्च: एमआरआय ५,५००, औषधे ४,२००, जीप ९००. देणे: दवाखान्याचे ३,०००. हे औषध पहिल्याच दिवसांत द्यावे लागते, डॉक्टर म्हणाले. खपलीचे आठ दिवस खर्चात मांडू की देण्यात, ते तू कळव.

तुझा,
जानू