कंबर तळ्यावरून गोव्याच्या बोटीकडे

सोलापूर,
दि. २० मार्च १९७८

तीर्थरूप जोतीराम दाजी व सौ. अक्का यांच्या चरणी धाकटा मेहुणा कुंडलिक याचा नमस्कार पोचावा. इकडे आम्ही दोघं जागच्या जागी आहोत, तुम्ही मुंबईत कसे आहात ते कळवावं. तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का? इथून पाठवलेलं तेल तुम्ही लावलंत की अक्कानं नेहमीप्रमाणे शेजारणीला देऊन टाकलं? (दिलं असेल तर त्या शेजारणीचा गुडघा कसा आहे, तेही कळवावं. आमच्या टॉवेलच्या कारखान्यातले तीन जण त्याच तेलाबद्दल विचारत आहेत.) इथं ऊन आत्ताच असं पडलंय की धुतलेला टॉवेल दोरीवर टाकायच्या आधीच वाळतो.

पत्र लिहिण्यास कारण की, आम्ही गोव्याच्या बोटीनं प्रवास करायचं ठरवलं. आता पोरगी बार्शीला दिली, पोरगा पुण्याला नोकरीला लागला, घरात उरलो दोघं. तेव्हा चार दिवस कुठंतरी जावं असा विचार माझ्या मनात आला. खरं म्हणजे तो आधी चन्नवीरच्या मनात आला. चन्नवीर म्हणजे सात रस्त्यावरचा चादरींचा दुकानदार, माझा वर्गमित्र. त्याच्या बायकोचं नाव रुद्राणी. तिसरे आमचे हरिबा मास्तर आणि त्यांच्या तानाबाई. मास्तर बावीस वर्षं भूगोल शिकवतात. खारे वारे, मतलई वारे, भरती-ओहोटी सगळं तोंडपाठ, पण समुद्र म्हणाल तर त्यांनी फक्त नकाशात रंगवलेला पाहिला आहे. तिघंही पन्नाशीच्या अलीकडे-पलीकडे, आणि तिघांचंही मत असं की आपल्या बायकांनी फार सोसलं, आता त्यांची जरा करमणूक करावी.

आता सोलापुरातून गोव्याच्या बोटीवर माणसं नेणाऱ्या दोन कंपन्या निघाल्या आहेत. बोट एकच, आपल्या भाऊच्या धक्क्यावरून सुटणारी. दोघीही तिच्यावरच नेतात, फरक काय तो करमणुकीचा. पहिली 'सागरसुख टूर्स'. तिच्या पत्रकात ऑर्केस्ट्रा, हाऊजी, फॅन्सी ड्रेस आणि 'दांपत्यांसाठी जोडीनृत्य' असं छापलेलं. दुसरी 'जलविहार यात्रा कंपनी'. तिच्याकडे भजन, प्रवचन, सकाळी प्राणायाम आणि दुपारी 'पन्नाशीनंतरचे पचन' या विषयावर व्याख्यान. दोन्ही पत्रकं घेऊन आम्ही तिघं पुरुष चन्नवीरच्या दुकानात चादरींच्या गठ्ठ्यावर बसलो आणि दोन तास विचार केला. चन्नवीर म्हणाला, मला काय, मी कुठंही जाईन, पण रुद्राणीला भजनाशिवाय करमायचं नाही. मास्तर म्हणाले, तानाबाईंचंही तसंच. मीही म्हणालो, सारजा तर देवभोळी. (ऑर्केस्ट्राचं पत्रक मात्र दोन तासांत तिघांच्याही हातून तीन-तीनदा फिरलं. जोडीनृत्याच्या ओळीवर मास्तरांच्या बोटाची शाई लागलेली मी पाहिली. भूगोलाच्या माणसाला कुतूहल असतंच.) शेवटी एकमतानं 'जलविहार' ठरली. बायकांनाही विचारलं, नाही असं नाही. घरी जाऊन मी सारजाला म्हणालो, आपण भजनाच्या कंपनीतून जातोय. ती म्हणाली, "तुमी म्हनाल तसं." यालाच आपल्यात विचारविनिमय म्हणतात.

'जलविहार'चा मालक सिदूशेठ. मोठा गोड माणूस, बोलताना छातीवर हात ठेवतो. तो म्हणाला, माल पाहिल्याशिवाय घेऊ नका, येत्या रविवारी सकाळी कंबर तळ्यावर या, होडीत बसवून कार्यक्रमाचा नमुना दाखवतो. बोट लागते का, चक्कर येते का, तेही कळेल. म्हणून बारा तारखेला सकाळी नऊ वाजता आम्ही सहा जण नटूनथटून तळ्यावर गेलो. मी नवी पांढरी विजार घातली होती. (ती आता पांढरी नाही.) होडी म्हणजे एक सपाट, रुंद, जुनाट प्रकार होता. एरवी तिच्यातून मासे धरतात हे डोळे मिटूनही कळत होतं. होडीवाला धुळा. त्यानं आमच्या सहा जणांकडे, मग सिदूशेठकडे, मग पेटीसह बसलेल्या भजनीबुवांकडे पाहिलं आणि म्हणाला, "लई वजन हाय की." सिदूशेठनं छातीवर हात ठेवला आणि म्हणाला, "भक्तीचं वजन नसतंय."

मार्च महिना, तळ्याचं पाणी उतरलेलं. शंभर-सव्वाशे पावलांइतकं आत गेलो असू, तेवढ्यात होडीनं बुडाखाली काहीतरी चिकट उच्चार केला आणि थांबली. धुळ्यानं बांबू लावला, बांबू गेला तो गेलाच. मग तो स्वतः खाली उतरला. पाणी कमरेला, चिखल मांडीला. "दोर घेऊन आलोच" म्हणून गेला आणि दोन तास झाले तरी आला नाही. नंतर कळलं की दोर त्याच्या मेहुण्याकडे होता, मेहुणा जेवायला बसला होता, आणि त्याच्याकडे त्या दिवशी मटण होतं. दाजी, मी धुळ्याला दोष देत नाही. मेहुण्याच्या घरचं मटण सोडून मीही दोर आणायला आलो नसतो.

तर आम्ही तळ्याच्या मध्ये, आणि काठावर हळूहळू बघे. बुवांनी लगेच पेटी उघडली. पहिली तीन भजनं चांगली झाली. चौथं पहिल्यासारखंच वाटलं, आणि पाचवं पहिलंच होतं. व्याख्याते आलेच नव्हते, म्हणून सिदूशेठ स्वतः पन्नाशीनंतरच्या पचनावर बोलू लागला. ताकावर तो पाऊण तास बोलला. ऊन डोक्यावर, प्यायचं पाणी संपलेलं, आणि हा ताकाविषयी बोलतोय. तेवढ्यात रुद्राणीवहिनींनी शांतपणे पिशवीत हात घातला. मला वाटलं जपमाळ काढतील. त्यांनी पत्त्यांचा जोड काढला. तोही असा वापरलेला की पानांचे कोपरे चादरीसारखे मऊ झालेले. तिघी समोरासमोर बसल्या, तानाबाईंनी पानं अशी पिसली की एसटी स्टँडावरचे पत्तेवालेही बघत राहिले असते. चन्नवीरनं विचारलं, हे कधीपासून? रुद्राणीवहिनी पानं लावता लावता म्हणाल्या, "अकरा वर्षं झाली." आम्ही तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. दाजी, गेली अकरा वर्षं रोज दुपारी या तिघी चन्नवीरच्या घरी पोथी ऐकायला जातात अशी आमची समजूत होती.

इथवर ठीक होतं. पण दोन डाव झाल्यावर रुद्राणीवहिनी म्हणाल्या, "ताने, आता ते कर की." तानाबाई आधी नको नको म्हणाल्या, मग उभ्या राहिल्या आणि पदर खोचला. त्यांनी आधी मास्तर केले. जेवताना मीठ कमी पडलं की मास्तर चष्मा पुसून 'सोलापूर जिल्ह्यात मिठाचा तुटवडा का आहे' असं विचारतात, ते हुबेहूब. मग चन्नवीर केला, आरशासमोर पोट आत घेणारा. तो पोट आत घेऊन पाहुण्यांशी बोलतो आणि पाहुणे गेले की सोडतो. काठावरची माणसंसुद्धा हसली. मीही खूप हसलो. आणि मग त्यांनी मला केलं.

तानाबाई आल्या, सायकल लावली, विजारीची क्लिप काढली, खुंटीला अडकवली, "काय विशेष?" असं विचारलं आणि उत्तर यायच्या आत तोंडापुढं पेपर धरला. रुद्राणीवहिनी सारजा झाल्या होत्या. त्या म्हणाल्या, "घराला आग लागली." पेपरामागून तानाबाई माझ्या आवाजात म्हणाल्या, "बरं, बरं." दाजी, तानाबाई संध्याकाळी सहा वाजता आमच्या घरी कधीही आलेल्या नाहीत. म्हणजे त्यांना हे कुणीतरी शिकवलं. मी सारजाकडे पाहिलं. ती कमळाच्या एका पानाकडे फार लक्षपूर्वक पाहत होती. मी हळूच विचारलं, "तू खरंच आग लागली म्हणाली होतीस?"

"दोनदा म्हनले," ती म्हणाली. "दुसऱ्या बारीला तुमी म्हनालात, उद्या बघू."

सिदूशेठनं तेवढ्यात कागद पुढं केला, म्हणाला, मग वहिनी, सहा जागा लिहू ना? सारजानं पानं खाली ठेवली. (तिच्या हातात हुकमाचा एक्का होता, मी पाहिला.) ती म्हणाली, "न्हाय. आमाला भजन बी नको आन् तो बाजा बी नको. आमी तिघीच जाणार. आमची करमणूक आमी संगं नेतो." चन्नवीरनं विचारलं, आणि आम्ही? तर रुद्राणीवहिनी म्हणाल्या, तुम्ही नसलात तरी चालतं, तुमच्यावाचून आमचं काही अडत नाही, तुमची नक्कल आहे आमच्याकडे. मास्तर म्हणाले, बायका एकट्या समुद्रावर? त्यावर तानाबाईंनी मास्तरांच्याच आवाजात खारे वारे आणि मतलई वारे यांतला फरक सांगितला, तोही न चुकता. मास्तर खाली बसले.

मग यथावकाश आम्ही काठावर आलो. त्यात वर्णन करण्यासारखं काही नाही.

घरी येऊन आम्ही तिघा पुरुषांनी विचार केला आणि मोठ्या मनानं त्यांना परवानगी दिली. (त्यांनी मागितली नव्हती. पण दिलेली बरी.) मी अजिबात रागावलो नाही. उलट गेले आठ दिवस संध्याकाळी आलो की पेपर हातात घेत नाही. 'काय विशेष?' विचारतो आणि समोर बसून राहतो. पहिल्या दिवशी सारजानं मला ताप आलाय का पाहिलं. दुसऱ्या दिवशी बोलायला लागली, ती अजून थांबलेली नाही. दाजी, मला कळलं की दिवाळीपासून तिची डावीकडची दाढ दुखत होती आणि संक्रांतीनंतर रुद्राणीवहिनींना घेऊन जाऊन तिनं ती काढून टाकली. एवढे महिने मी रोज त्या दाढेसमोर बसून जेवलो. भाकरी कडक झाली की मीच कुरकुर करायचो, आणि ती त्या बाजूनं न चावता ऐकून घ्यायची. हे विनोदी नाही, पण पत्रात आलं तर आलं.

असो. तर आता विनंती. तुम्ही गोदीत आहात, तुमची ओळख आहे. नऊ एप्रिलच्या बोटीची वरच्या डेकची तीन तिकिटं बायकांसाठी काढून ठेवावीत. आदल्या दिवशी त्या तुमच्याकडे उतरतील. अक्काला म्हणावं, पत्ते खेळायला बसलीस तर जपून, सारजा लबाडी करते असा मला दाट संशय आहे. धाकट्यांना आशीर्वाद, थोरांना नमस्कार, तेलाचं कळवावं.

आपला,
कुंडलिक

ता.क. त्याच बोटीचं खालच्या डेकचं एक तिकीट माझ्यासाठी काढावं. सारजाला कळू देऊ नये. रागलोभ काही नाही. बोटीवर गर्दी असते, तिची पिशवी जड असते, आणि तिला पोहता येत नाही. (मलाही येत नाही, पण तो मुद्दा वेगळा.)

ता.क. दुसरा. आत्ताच चन्नवीर येऊन तुमचा पत्ता लिहून घेऊन गेला. कशाला म्हणून विचारलं तर पोट आत घेऊन म्हणाला, सहज. मास्तरांनी तर तो परवाच नेलाय. त्यांची पत्रं आली तर एकमेकांचं एकमेकांना सांगू नये.

ता.क. तिसरा. दाजी, मी सारजा. पाकीट भाताच्या शितानं चिकटवायला ह्येनी माझ्याकडंच दिलं, म्हनून वाचलं. माझी चौथी झालीया. खालचं तिकीट काढू नका. वर माझ्या शेजारीच काढा, आन् ह्येंला धक्क्यावर येईस्तवर सांगू नका. बाकी समदं खरं लिवलंय, पर काठावर कसं आलो ते लिवलं न्हाय. दोर आलाच न्हाय, समदे चिखलातनं चालतच निघाले. मला चिखलाचं भ्या वाटतंय म्हनल्यावर ह्येनी मुकाट्यानं खाली उडी टाकली, पाठ फिरवली आन् बस म्हनले. काठावर निम्मं सोलापूर उभं. चारदा थांबले, दम लागला, ह्येंचा चष्मा पान्यात पडला, पर मला उतरीवलं न्हाय. अठ्ठावीस वर्सांत असं कवा झालं न्हवतं. मी लई हासले. पर खाली ठिवा असं काय म्हनले न्हाय.