रिंग न देणारा फोन

प्रिय ताई,

आई ठीक आहे. हे वाक्य मी मुद्दाम सगळ्यात आधी लिहिलं, कारण पाकिटावर माझं अक्षर बघून तुझ्या छातीत धस्स झालं असणार. आपल्या घरात चांगली बातमी देण्यासाठी आजवर कुणी टपाल वापरलेलं नाही. आई ठीक आहे, मी ठीक आहे, माझी दहाही बोटं जागेवर आहेत. आता बस आणि सावकाश वाच.

माझा नंबर लागत नाही म्हणून तू चिडली आहेस. "नंबर बंद आहे म्हणजे नक्की काहीतरी लपवतोयस, आणि दिवसभर आईजवळ असतं तरी कोण?" हा तुझा निरोप मी झेरॉक्सच्या दुकानात उभा राहून दोनदा ऐकला. दुसऱ्यांदा ऐकताना चुकून स्पीकर लागला. झेरॉक्सवाला म्हणाला, "थोरली बहीण दिसतेय." फोनवर उत्तर द्यायला लागलो असतो तर तू मध्येच बोलली असतीस, मी अडखळलो असतो, आणि मी अडखळलो की तुला वाटतं याचं काहीतरी बिनसलंय. म्हणून लिहितो. शाळा नववीत सुटली असली तरी लिहिताना मी अडखळत नाही. शुद्धलेखनही तपासलंय, लाल पेन शोधू नकोस.

तर झालंय असं, की माझ्या फोनमध्ये सिमकार्ड नाही. फोन आहे, चांगला आहे, पण तो फक्त वायफायवर चालतो. घरी घरमालकांच्या वायफायमध्ये आपला वाटा आहे, तिथे चालतो. दुपारच्या सुट्टीत झेरॉक्सच्या दुकानात चालतो. मधल्या रस्त्यात आणि काचेच्या दुकानात तो नुसतं घड्याळ असतो. आमच्या मालकांच्या मते वायफाय म्हणजे कामगार बिघडवायचं यंत्र, त्यामुळे दुकानात ते कधी येणार नाही. पूर्वी मला याचं वाईट वाटायचं.

बाबांनी लावलेली रिंगांची पद्धत तुझ्या लक्षात असेलच. एक रिंग म्हणजे सगळं ठीक, दोन म्हणजे सवडीने फोन कर, तीन म्हणजे असशील तसा निघून ये. फोन उचलायचा नाही, नुसता मोजायचा. तीन रिंगा आपल्या घरात एकदाच वाजल्या, बाबांच्या वेळी, आणि तेव्हा घरात मी होतो, तू नव्हतीस. त्या दिवसापासून फोन वाजला की माझा श्वास पहिल्या रिंगनंतर अडकतो, तो दुसरी येत नाही याची खात्री होईपर्यंत. आईला मोरीत चक्कर आली, त्यानंतर मी तिला सांगितलं, दर तासाला मला एक रिंग देत जा. डॉक्टर म्हणाले होते, कानाच्या आतला दोष आहे, भीतीचं कारण नाही, मानेचे व्यायाम करायचे आणि रोज चालायचं, फक्त तोल जाऊन पडणार नाही एवढं बघा. मला त्यातलं "पडणार" एवढंच ऐकू आलं.

रिंगांनी मला बरं वाटेल असं वाटलं होतं. झालं उलटं. रिंग आली की अर्धं मिनिट बरं वाटायचं आणि लगेच पुढच्या रिंगची वाट सुरू. पाच मिनिटं उशीर झाला की मला आई मोरीत पडलेली दिसायची, रंगीत चित्रासारखी. एकदा रेंज नीट नव्हती. आईला वाटलं रिंग गेलीच नाही, तिने परत लावली. तीही गेली नाही असं वाटून तिसऱ्यांदा लावली. माझ्याकडे मात्र तिन्ही वाजल्या. मी त्या वेळी एका सलूनचा मोठा आरसा कापत होतो. काच कापताना हिऱ्याची रेघ एका दमात ओढायची असते, मध्ये थांबलं की काच आपल्याला हवी तिथे तुटत नाही, तिला हवी तिथे तुटते. मी मध्ये थांबलो. आरसा कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत गेला, आणि मी एप्रनसकट घरी पळालो. आई डाळ निवडत बसली होती. मला बघून म्हणाली, "अगं बाई, काय झालं?" हे मलाच विचारायचं होतं.

परत आलो तेव्हा मालकांनी आधी माझे दोन्ही पंजे उलटेसुलटे करून पाहिले. "हात शाबूत आहे ना? मग आरसा गेला खड्ड्यात. पण पुढच्या खेपेला हात जाईल. फोन खणात ठेवत जा." मी हो म्हणालो आणि फोन मोज्यात ठेवला.

आता तू हसणार आहेस, पण सांगतो. रेंज जाऊ नये म्हणून मी रोज सकाळी सिमकार्ड बाहेर काढून चष्म्याच्या फडक्याने पुसायचो. असं करायला मला कुणी सांगितलेलं नव्हतं, माझं मीच ठरवलं होतं. रोज ओढून ओढून एक दिवस तो सिमचा छोटा ट्रे कट्‌ करून मोडला. मोबाइल दुरुस्तीवाल्याने तो चिमट्यात धरून बघितला आणि विचारलं, "काय रे, सिम आंघोळीला काढायचास की काय?" मी खरं ते सांगितलं. त्याने मोडका ट्रे बाजूला ठेवला. म्हणाला, पार्ट मागवावा लागेल, तोवर वायफायवर चालव.

मी घरी येऊन आईला सांगितलं की आज रिंग लागणार नाही, काय करू, रजा टाकू का. ती म्हणाली, "जा कामाला. मी काही पळून जात नाही." ती सकाळ कशी गेली ते लिहीत नाही. मालकांनी मला फक्त काचा पुसायला बसवलं. सुट्टी झाल्याबरोबर झेरॉक्सच्या दुकानात धावलो, वायफाय जोडलं. आईचा एकही मेसेज नाही. व्हॉट्सॲपवर फोन लावला, वाजून वाजून बंद पडला. परत लावला, तेच. मग मी घरापर्यंत पळत गेलो आणि बघतो तर दाराला कुलूप.

ताई, बाहेरून कुलूप लावलेलं असेल तर माणूस आत पडलेलं नसतं, स्वतःच्या पायाने बाहेर गेलेलं असतं. हे एखाद्या लहान मुलालाही कळेल. मी मात्र खिडकीवर थापा मारत आईला हाका मारत होतो. खालच्या मजल्यावरच्या शिवणवाल्या काकूंना विचारावं तर त्यांच्या मशीनवरही कापड घातलेलं. शेवटी घरमालक वरून ओरडले, "अरे, त्या दोघी बागेत गेल्यात! दार मोडू नकोस माझं!"

बागेत बाकावर त्या दोघी बसल्या होत्या. मध्ये शेंगांची पुडी, आणि काकू कुणाची तरी नक्कल करत होत्या. आई हसत होती. तुला ते हसणं आठवतं का, ज्यात तिला डोळे पुसावे लागतात? मी ते किती दिवसांत पाहिलं नव्हतं. मला घामाने भिजलेला बघून काकू म्हणाल्या, "आले बघा, तुमचे साहेब आले तपासणीला." मी चिडूनच विचारलं, तू घरी का नाहीस. तर आई काय म्हणाली ते तिच्याच शब्दांत लिहितो. "रोज तासातासाला तुझी हजेरी. जिन्यात रेंज जाते म्हणून खाली उतरायचं नाही. फोन चार्जिंगला लावला की त्याच्याशेजारी बसून राहायचं. डोळा लागला तर भीती, हा पोरगा कामावरून पळत येईल. आज म्हटलं, शाळा सुटली."

मी बाकाच्या टोकाला बसलो. काकूंनी शेंगा पुढे केल्या, मी खाल्ल्या. डोक्यात एकच चाललं होतं. डॉक्टरांनी तिला चालायला सांगितलं होतं आणि माझ्यासाठी ती फोनपाशी बसून होती. बसून राहिल्यामुळे चक्कर जात नव्हती, आणि चक्कर जात नाही म्हणून मी तिला आणखी जपून बसवत होतो. मी तिथेच तिची माफी मागायला लागलो, तर म्हणाली, "ते असू दे, तुझी सुट्टी संपली असेल, पळ." आणि गंमत म्हणजे, परत जाताना मी पळालो नाही.

पार्ट यायला बराच वेळ लागला. तेवढ्या दिवसांत आई रोज बागेपर्यंत जाऊन यायला लागली, मानेचे व्यायाम काकूंबरोबर करायला लागली. काकूंना चक्कर नाही, पण त्या म्हणतात, फुकट आहे तर करून घेते. आणि आई मला बोलून मेसेज पाठवायला शिकली. इतकी वर्षं आपण तिच्या नुसत्या रिंगा मोजल्या ग. आता दुपारी झेरॉक्सवाल्याकडे उभा राहिलो की तिचा अख्खा आवाज येतो. कधी सांगते, नळाला पाणी आलं. कधी सांगते, काकूंनी गिऱ्हाइकाच्या झग्याला बाही उलटी लावली. मध्येच थांबते, मला म्हणते "ऐकतोयस ना?" आणि मी तिथे एकटाच हो म्हणतो.

एकदा तिला जिन्यात खरंच चक्कर आली. हे तुझ्यापासून लपवत नाही. आम्ही आधीच ठरवून ठेवलं आहे की खरी अडचण आली तर काकूंनी मालकांच्या फोनवर कळवायचं. काकूंकडे आपल्या घराची किल्लीही दिली आहे. त्या दिवशी काकूंनी फोन केला, मालकांनी उचलला, आणि मागून आईचा आवाज आला म्हणे, "बसलेय मी, पाणी प्यायलेय, बरं वाटतंय. त्याची काच कापून होऊ दे, मग सांगा." मालकांनी तसंच केलं. माझी रेघ पूर्ण झाली, मी काच वेगळी केली, तेव्हा त्यांनी सांगितलं. मी घाबरलो, ते होणारच. पण माझ्यापर्यंत पोचली तेव्हा ती बातमी बरी होऊन आली होती. झेरॉक्सच्या दुकानात गेलो तर आईचा मेसेज येऊनही पडला होता: दोन पायऱ्या राहिल्या होत्या, कठडा धरला, खाली बसले, डोळे मिटून डॉक्टरांनी सांगितलं तसं केलं, गेलं. येताना लिंबं आण.

मग तो ट्रे आला. दुरुस्तीवाल्याने बसवून दिला, म्हणाला, "आता पुसू नकोस बाबा." मी सिमकार्ड हातात घेतलं आणि घातलंच नाही. कपाटाच्या दाराला आतून चिकटपट्टीने लावून ठेवलंय. बँकेचा कोड यायचा असला की तेवढ्यापुरतं घालतो आणि परत काढतो. गैरसोय होते, खोटं कशाला बोलू. रस्त्यात नकाशा चालत नाही, आरसा बसवायला नव्या पत्त्यावर गेलो की माणसांना विचारत जावं लागतं. पण काच कापताना मी आता काचच कापतो. परवा मालकांनी मला गोल आरसा कापायला दिला, पहिल्यांदाच, आणि शेजारी उभेसुद्धा राहिले नाहीत. तू मला व्हॉट्सॲपवर बोल, मी दुपारी आणि घरी आल्यावर ऐकतो. दिवसभर आईजवळ कोण असतं असं विचारलंस ना? कुणी नसतं. ती असते. तिला ते पुरतं.

आता हे पत्र का लिहिलं ते. काल आईने मला सांगितलं, मला न सांगण्याची तू तिला शपथ घातली होतीस तरी सांगितलं, की तू प्रयोगशाळेतली नोकरी सोडून कायमची इकडे यायला निघाली आहेस, रक्ततपासणीचा अख्खा विभाग तुझ्या हातात देणार असताना. हे तू माझा नंबर लागेना म्हणून ठरवलंस, आणि त्याआधी मी फोनवर तुझ्यापुढे रडायचो म्हणून. ताई, राजीनामा दिला नसशील तर देऊ नकोस. दिला असशील तर सकाळी जा आणि परत माग. आई म्हणते, "तिला म्हणावं चार दिवस पाहुणी म्हणून ये, राखण करायला येऊ नकोस. बाकावर तिसऱ्या माणसाला जागा आहे." परत मागायला लाज वाटली तर तुझ्या साहेबांना सरळ माझ्यावर ढकलून सांग, की धाकटा भाऊ फार घाबरट आहे, त्याने उगाच घाबरवलं. मला अजिबात राग येणार नाही.

तुझाच,
अजूनही थोडा घाबरट, धाकटा